वजनगट ओलांडून जोड लावायची, तर राउंड किती ते आधी सांगा

कृष्णाकाठ (सांगली)

सप्टेंबर २०२५ मध्ये बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्डने कॅनेलो अल्वारेझला लास वेगासात हरवलं आणि तेव्हापासून विश्रामबागेतल्या आमच्या चहाच्या अड्ड्यावर दुसरा विषय नाही. गडी १५४ पौंडांतून निघाला, मधला १६० चा गट ओलांडून थेट १६८ मध्ये उतरला आणि तिन्ही जजनी त्याच्या बाजूने कौल दिला. ११६-११२, ११५-११३, ११५-११३. झालं. ज्याला त्याला वेगळ्या गटांतल्या, वेगळ्या काळांतल्या बॉक्सरांची मनातल्या मनात जोड लावायची खाज सुटली. क्रॉफर्ड आणि हॅगलर लावा. इनोउए आणि लोमाचेंको लावा. मार्सियानो आजच्या हेवीवेटवाल्यांपुढं टिकेल का सांगा.

लावा की, कोण नको म्हणतंय. पण आपल्याकडं जत्रेच्या फडातसुद्धा कमिटीतली माणसं दोन्ही पोरांना शेजारी शेजारी उभं करतात, खांदे-मनगटं बघतात आणि मगच जोड पक्की करतात. इथं नुसती नावं फेकणं चाललंय. माझं म्हणणं, नावं टाकायच्या आधी दोन अटी टाका.

पहिली, वजन कधी मोजायचं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ते आदल्या दिवशी होतं. फेब्रुवारी २००० मधली आर्तुरो गट्टी आणि जोई गमाश ही लढत आठवा. गट्टी काट्यावर १४१ चा, दुसऱ्या रात्री रिंगमध्ये १६० च्या आसपास. गमाश दुसऱ्याच राउंडमध्ये पडला, मेंदूला इजा झाली, परत कधी लढला नाही. कागदावर मात्र जोड बरोबरीची!

दुसरी, राउंड १२ की १५. हीच माझ्या मते खरी मेख आहे. त्यावर सविस्तर लिहितो, आधी तुमच्या जोड्या येऊ द्यात.

टोलेजंग

टायसन. समोर कोणीही असो. धागा बंद करा.

कृष्णाकाठ

टोलेजंग, तुमचा टायसन या धाग्यात बसतच नाही. १९८८ मध्ये त्यानं मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं तेव्हा तो २१८ पौंडांचा होता. डिसेंबर २०२४ ला फ्युरीशी लढताना युक्रेनचा उसिक २२६ चा होता. म्हणजे टायसन-उसिक ही सरळ बरोबरीची जोड, गट ओलांडायचा प्रश्नच नाही. खरं ओलांडणं उसिकनं केलंय. २०१८ ला क्रूझरवेटचे सगळे पट्टे घेतले, वर जाऊन २०२१ ला जोशुआला हरवलं, २०२४ ला फ्युरीला दोनदा. दुसऱ्या वेळी फ्युरी काट्यावर २८१ होता. ५५ पौंड जास्त!

भडंगवाला

किलोत सांगा की राव. पौंड म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर केक येतो.

पोवईनाका (सातारा)

सांगतो. १३५ पौंड म्हणजे ६१ किलो आणि थोडं वर, १४७ म्हणजे ६६.७, १५४ म्हणजे ७०, १६० म्हणजे ७२.६, १६८ म्हणजे ७६, १७५ म्हणजे ७९.४. क्रूझरवेटची आजची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो. त्याच्यावर हेवीवेट, वर छप्पर नाही. उसिक आणि फ्युरीमधला फरक २५ किलोचा झाला.

मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो, हौशी स्पर्धांना घेऊन जातो. कृष्णाकाठ यांच्या पहिल्या अटीवर माझंही मत मांडतो. आमच्याकडं वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं, आणि ज्या ज्या दिवशी लढत त्या त्या दिवशी परत. त्यामुळं व्यावसायिकांसारखं सात-आठ किलो पाणी काढून रात्रीत परत भरायची सोय नाही. तरी पोरं सोडत नाहीत. आदल्या रात्री पाणी बंद, जर्किन घालून पळणं, तोंडात लिंबाची फोड. मी स्वच्छ सांगतो, असं उतरवलेलं पोरगं तिसऱ्या राउंडला पाय ओढतं.

सरावात मुद्दाम वेगळ्या वजनाची जोडी लावतो कधी कधी, जाड ग्लोव्ह्ज घालून आणि मोठ्याला जोर धरायला सांगून. ६० किलोचा चपळ पोरगा ७५ च्या पोराला पहिला राउंड नाचवतो. बघणाऱ्याला वाटतं काय हात आहे! मग मोठा हळूहळू अंतर खातो, क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी घालून अडकवताना, मान दाबून अंग टाकतो. ठोसा न मारता. तिसऱ्यापर्यंत लहानग्याचे खांदे गेलेले असतात. वजनाचा खरा मार ठोशात कमी आणि या रेलण्यात जास्त.

कृष्णाकाठ

मास्तर, तुम्ही माझी दुसरी अट अर्धी मांडलीत. आता मी उरलेली मांडतो. जरा लांबतंय, चहा घेऊन बसा.

१९४१, न्यूयॉर्क. बिली कॉन हा लाइट हेवीवेटचा (१७५ पौंड) राजा, जो लुईसमोर हेवीवेटच्या किताबासाठी. बारा राउंड संपले तेव्हा कॉन दोन जजांच्या कार्डांवर (गुणपत्रकांवर) पुढं, तिसऱ्यावर बरोबरी. तेराव्यात तो लुईला पाडायच्या नादाला लागला आणि स्वतःच नॉकआउट झाला.

२५ जून १९५२, यांकी स्टेडियम. शुगर रे रॉबिन्सन हा मिडलवेटचा (१६० पौंड) चॅम्पियन, १५७ पौंडांचा, जोई मॅक्सिमसमोर लाइट हेवीवेटसाठी. मॅक्सिम १७३. उकाडा असा की रेफ्री रूबी गोल्डस्टीनच दहाव्यानंतर कोलमडला, दुसरा रेफ्री आणावा लागला. रॉबिन्सन तिन्ही कार्डांवर आरामात पुढं. मास्तर म्हणाले तसं मॅक्सिम नुसता रेलत राहिला. तेराव्यात रॉबिन्सनचा ठोसा हुकला आणि तो स्वतःच तोंडावर आपटला. चौदाव्याला स्टुलावरून उठला नाही. अख्ख्या कारकिर्दीत हा माणूस वेळेआधी हरला तो फक्त या एकाच लढतीत, आणि तेही समोरच्यानं न पाडता.

नोव्हेंबर १९८३. रॉबेर्तो ड्युरान, मूळचा १३५ चा, मार्विन हॅगलरसमोर १६० साठी. तेरा राउंडनंतर ड्युरान दोन कार्डांवर एका गुणानं पुढं, तिसऱ्यावर बरोबरी. शेवटचे दोन राउंड हॅगलरनं घेतले आणि किताब राखला.

आता बघा. तीन लढती, तीन वेगळे गट, चाळीस-बेचाळीस वर्षांचा पल्ला. आजच्यासारखे १२ राउंड असते तर कॉन हेवीवेटचा आणि रॉबिन्सन लाइट हेवीवेटचा चॅम्पियन झाला असता. ड्युराननं हॅगलरला निदान घाम फोडला असता, कदाचित हरवलंही असतं. खालून आलेला माणूस वेगावर आणि हातावर गुण गोळा करतो. वरच्याचं वजन उशिरा वसूल होतं. १९८२ ला दक्षिण कोरियाचा किम ड्यूक-कू लढतीनंतर दगावला, त्यानंतर १५ चे १२ झाले, सगळीकडं यायला त्या दशकाची अखेर उजाडली. निर्णय माणसं वाचवण्यासाठी झाला आणि योग्यच झाला. पण त्याचा एक परिणाम असा की गट ओलांडणं तेव्हापासून स्वस्त झालं.

आणि हे सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं? शुगर रे लेनर्डच्या. १९८७ ला हॅगलरशी लढताना त्यानं अट घातली: राउंड १२, ग्लोव्ह्ज १० औंसाचे, रिंग मोठी. जिंकला, तेही स्प्लिट निर्णयावर, म्हणजे दोन जज याच्या बाजूने आणि एक त्याच्या. लोक ठोसे मोजत बसले, त्यानं निम्मी लढत करारावर सही करतानाच मारली होती.

भडंगवाला

हे भारी आहे. चहा गार झाला पण वाचलं.

जुना_काटा (कराड)

कृष्णाकाठ, तुमच्या सिद्धांताला एक खिळा. सप्टेंबर १९८५, मायकेल स्पिंक्स आणि लॅरी होम्स. १५ राउंडांची लढत. स्पिंक्स लाइट हेवीवेटचा चालू चॅम्पियन, होम्स हेवीवेटचा, ४८ पैकी ४८ जिंकलेला. स्पिंक्सनं पंधराच्या पंधरा राउंड उभं राहून गुणांवर मारली. हेवीवेटचा किताब घेणारा तो पहिला चालू लाइट हेवीवेट चॅम्पियन. मग तेव्हा वजन वसूल का नाही झालं?

अजून मागं जा. १८९७ ला बॉब फिट्झसिमन्सनं कॉर्बेटला चौदाव्या राउंडमध्ये पोटात मारून पाडलं. वजनानं फिट्झसिमन्सच हलका होता. म्हणजे उशिरा राउंडमध्ये हलकाच हरतो असं कुठंय?

कृष्णाकाठ

जुना_काटा, स्पिंक्सचं उदाहरण चांगलं आहे, पण तो होम्ससमोर आला तेव्हा २०० पौंडांचा होऊन आला होता. १७५ वर थांबला नाही, अंग भरलं. उंचीनं सव्वासहा फुटांच्या घरातला, होम्सपेक्षा एखादा इंच कमी. सांगाडा हेवीवेटचाच होता, इतकी वर्षं तो त्यावर मांस चढू देत नव्हता एवढंच. आणि होम्स तेव्हा पस्तिशीत पोचला होता.

मला तर वाटतं गट बघूच नये, सांगाडा बघावा. क्रॉफर्डचंच घ्या. दोन गट वर गेला म्हणून डोक्यावर घेतलं, पण तो कॅनेलोपेक्षा नावापुरता का होईना उंच आणि त्याचे हात तीनएक इंच लांब. कॅनेलो १६८ मध्ये मुळात बुटका. हाच कॅनेलो २०२२ ला १७५ मध्ये सहा फुटी बिवोलसमोर गेला आणि हरला. उलट केल ब्रूक १४७ मधून १६० च्या गोलोव्हकिनसमोर गेला, २०१६ ला. डोळ्याची खोबण मोडली, पाचव्यात त्याच्याच कोपऱ्यातून हार मानल्याचा टॉवेल आला. त्याच वर्षी आमिर खान कॅनेलोसमोर गेला. सहाव्यात असा पडला की बघवत नव्हतं.

जुना_काटा

मग पॅकियाओ? २०१० ला मार्गारितो. पॅकियाओ साडेपाच फुटी, मार्गारितो पाच फूट अकरा. रिंगमध्ये उतरले तेव्हा एक १४८ चा, दुसरा १६५ चा. सांगाडा बघा, वजन बघा, काहीही बघा, पॅकियाओ हरायला पाहिजे होता. त्यानं मार्गारितोचा चेहरा ओळखू येईना असा केला.

कृष्णाकाठ

तिथं मी गप्प. पॅकियाओ हा माणूस सगळ्या हिशोबाबाहेरचा आहे, ११२ पासून १५४ पर्यंत आठ गटांत किताब. एवढंच म्हणेन की मार्गारितो सरळ चालत येणारा, डोकं न हलवणारा. अशा माणसापुढं वेगवान डावखुऱ्याला मैदान मोकळं. आणि लढत १२ राउंडांची होती हो, विसरू नका!

लालमाती (तासगाव)

मी कुस्तीचा माणूस, बॉक्सिंग टीव्हीवर बघतो तेवढंच. पण इथं जे चाललंय ते आमच्यात रोज चालतं.

आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं बघा. १९४८ ला लंडनला फ्लायवेटमध्ये उतरले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला वरच्या गटात, बँटमवेट, ५७ किलोत गेले आणि ब्राँझ आणलं. वजन तोडत बसण्यापेक्षा वर जाऊन लढले. गंमत म्हणजे २०२४ ला पॅरिसला अमन सेहरावतनं ब्राँझ आणलं ते पण ५७ किलोतच. आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १०० ग्रॅम.

दुसरं, तुमचा हेवीवेट गट जसा ऐसपैस तसा आमचा महाराष्ट्र केसरीचा किताबी गट, हल्ली ८६ ते १२५ किलो चालतं. ८८ चा आणि १२० चा एकमेकांसमोर येऊ शकतात. ८८ चा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, आत घुसतो आणि १२० चा वरून नुसता दाबून बसतो. पुढची दोन मिनिटं ८८ चा श्वास घेण्यात घालवतो. पण गुणांवरची कुस्ती सहा मिनिटांत संपते म्हणून हलक्याला आशा असते. जुन्या निकाली कुस्त्यांत वेळेचं बंधन नसायचं. तेव्हा हलक्यानं पहिल्या झटक्यात मारली तर मारली.

म्हणजे कृष्णाकाठ म्हणतात तेच, राउंड किती ते सांगा.

पोवईनाका

पैलवान, मग गामाचं काय? १९१० ला लंडनला त्याच्यासमोरचा पोलंडचा पैलवान झबिस्को वजनानं भारी होता. तो अडीच तासांच्या वर जमिनीला चिकटून राहिला, उठायलाच तयार नाही. वेळ होता, वजन होतं, तरी भारी माणूसच बचावात. १९२८ ला पतियाळाला परत जोड लागली तेव्हा एका मिनिटाच्या आत खेळ खलास.

लालमाती

मास्तर, गामा म्हणजे गामा. त्याला नियमात धरलं तर नियमच करता येणार नाहीत. तुमच्या पॅकियाओसारखं.

मिरजेची_आक्का

सगळे बाप्येच चाललेत. मेरी कोमचं नाव अजून कोणी घेतलं नाही, कमाल आहे. तिची सहाच्या सहा जागतिक सुवर्णपदकं ४५, ४६ आणि ४८ किलोतली. पण २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये बायकांना तीनच गट दिले: ५१, ६०, ७५. म्हणून तिला ५१ मध्ये जावं लागलं. हौसेनं गट ओलांडला नाही, तिचा गटच ठेवला नव्हता. तरी ब्राँझ आणलं, आणि उपांत्य फेरीत हरली ती ज्या निकोला अ‍ॅडम्सकडून, तिनंच सुवर्ण घेतलं.

माझी जोड: २०१० ची मेरी कोम आणि २०२३ ची निखत झरीन. मेरी ४८ ची, निखत ५० ची. खऱ्यात त्या डिसेंबर २०१९ ला ५१ च्या निवड चाचणीत लढल्या आणि मेरी ९-१ नं जिंकली, पण तेव्हाची निखत अजून जगज्जेती व्हायची होती. आता सांगा. राउंड तीनच, म्हणजे तुमचा वजन-वसुलीचा सिद्धांत इथं गुंडाळून ठेवा.

पोवईनाका

आक्का, अवघड विचारलंत. दोन किलोचा फरक म्हणजे कागदावर काही नाही, पण पन्नाशीच्या आत दोन किलो जाणवतात. निखतचा पल्ला लांब आणि ती मागं सरकत मारते. मेरी आत शिरून झटपट चार मारते आणि बाजूला होते. तीन राउंडांत मेरी. पाच असते तर विचार केला असता.

मिरजेची_आक्का

पटलं. आणि जाता जाता, पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ ला सांगलीत झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं जिंकली. सातारकरांनी नोंद घ्यावी.

पोवईनाका

घेतली. २०२२ ची महाराष्ट्र केसरी आमच्या शाहू स्टेडियमवर झाली होती, त्याची सांगलीकरांनी घ्यावी.

भडंगवाला

आणि गदा कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील घेऊन गेला. भांडा आता दोघं.

नवशिका_नितळ

वाचतोय फक्त. एक शंका, वर गेलेला माणूस परत खाली का येत नाही? म्हणजे एक लढत वर मारायची आणि परत आपल्या गटात.

पोवईनाका

येतात, आणि फसतात. रॉय जोन्स बघा. मार्च २००३ ला १९३ पौंडांचा होऊन जॉन रुइझकडून हेवीवेटचा पट्टा घेतला, रुइझ २२६ चा. फिट्झसिमन्सनंतर हेवीवेटचा किताब घेणारा पहिला माजी मिडलवेट चॅम्पियन. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत १७५ वर. अंगावर चढवलेलं मांस उतरवायचं म्हणजे पाणी काढण्यासारखं नसतं, त्याच्याबरोबर ताकदही जाते. अँटोनिओ टार्व्हरशी पहिली लढत कशीबशी जिंकला, मे २००४ च्या दुसऱ्या लढतीत दुसऱ्याच राउंडला आडवा. तोपर्यंत या माणसाला कोणी असं पाडू शकतं यावर आमचा विश्वास नव्हता. माझ्या पोरांना मी हीच गोष्ट सांगतो. वर जायचं तर बिऱ्हाड घेऊन जा.

जुना_काटा

बरं, आता माझी जोड. कृष्णाकाठ, दोन्ही अटी घालून देतो. रॉकी मार्सियानो १९५२ चा आणि इव्हँडर होलीफिल्ड १९८८ चा, क्रूझरवेटचे सगळे पट्टे घेतलेला. त्या काळची मर्यादा १९० पौंड. वजन त्याच दिवशी सकाळी. बोला.

लालमाती

१९० म्हणजे ८६ किलो झाले. मार्सियानो किती?

जुना_काटा

१८४-८५. म्हणजे ८४ किलोच्या आत. ४९ पैकी ४९ जिंकलेल्या हेवीवेट चॅम्पियनला महाराष्ट्र केसरीच्या किताबी गटात नुसतं नाव नोंदवायला दोन किलो खायला लागले असते!

कृष्णाकाठ

ही जोड झकास. वजनाचं भांडण नाही, काळाचं आहे. पुरावा बघायचा तर जुलै १९८६ ला जायला लागतं. होलीफिल्ड आणि ड्वाइट मुहम्मद कावी, क्रूझरवेट, १५ राउंड. कावी बुटका, सतत पुढं येणारा, खाली वाकून आत शिरणारा. म्हणजे शैलीनं मार्सियानोच्या जवळचा. होलीफिल्ड स्प्लिट निर्णयावर जिंकला, पण अंगातलं सगळं पाणी गेलं. १९८८ चा होलीफिल्ड त्याहून पक्का, हे मान्य. पण मार्सियानोच्या हातात कावीपेक्षा कितीतरी जास्त दारूगोळा. १९५२ ला वॉलकॉटविरुद्ध तो गुणांवर मागं होता आणि एका उजव्या ठोशानं लढत संपवली. कितव्या राउंडला? तेराव्या!

१२ असतील तर होलीफिल्ड, गुणांवर, तीनएक राउंडांच्या फरकानं. १५ असतील तर मार्सियानो.

जुना_काटा

तुम्ही प्रत्येक जोडीला दोन निकाल देऊन मोकळे होता. असा पंच मी बघितला नाही. एकच सांगा, ड्युरान आणि पॅकियाओ, १३५ वर.

कृष्णाकाठ

१५ राउंड ड्युरान. १२ राउंड... पॅकियाओ, काठावर.

पोवईनाका

दोन्हीत ड्युरान. १३५ हे त्याचं घर, १९७२ ते ७९ तिथंच राज्य केलं. पॅकियाओ त्या गटात एकच लढत लढला, २००८ ला डेव्हिड डियाझशी. घरात घुसून ड्युरानला मारणारा अजून बघायचाय मला.

टोलेजंग

टायसन.